वाळीत टाकलेला चोर

(मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीनंतर झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. अनेकांच्या आग्रहावरून स्मरणिकेत देत आहोत. – संपादक मंडळ)

आमच्या कन्नड मित्रांना मराठी कळेल का, अशी काळजी अध्यक्षांना वाटत होती. त्यांना सांगतो, माझ्या कन्नडपेक्षा त्यांचं मराठी पुष्कळ बरं आहे.

अध्यक्षांनी फोनवर सांगितलं, "अर्धा तास बोला, विषय तुमच्या मनाचा घ्या." मी सिग्नल खात्यातला माणूस. डिप्लोमा करून नोकरीला लागलो आणि वीसएक वर्षं रिले, केबल आणि पॉइंट मशीन यांच्या संगतीत काढली. अर्थशास्त्र मला कळतं ते पगाराच्या पावतीपुरतं. तरीही आज मी निवडलेला विषय भारी आहे. एखादं परकं सरकार हॅकर पोसतं, ते हॅकर दुसऱ्या देशाच्या बँका लुटतात, आणि जग त्या सरकारवर आर्थिक निर्बंध टाकतं. त्या निर्बंधांचा उपयोग किती होतो? मागच्या रांगेतली पोरं उठायच्या बेतात दिसतात. जरा थांबा. ही गोष्ट उत्तर कोरियाची आहे, पण ती पुण्यात घडली आणि तिचा एक धागा आपल्या कोल्हापुरात निघाला.

पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८ रोजी दुपारपासून काही तासांत जगातल्या २८ देशांमधल्या एटीएमवर या बँकेच्या नकली कार्डांनी पैसे निघू लागले. परदेशात सुमारे बारा हजार व्यवहार होऊन ७८ कोटी रुपये गेले. देशातल्या देशात रुपे कार्डांवर २,८४९ व्यवहार होऊन अडीच कोटी गेले. रविवार मध्ये गेला. सोमवारी १३ तारखेला स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधल्या एका कंपनीच्या खात्यावर वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. तिजोरी फोडली नाही, पिस्तूल दाखवलं नाही, एकही शटर उचकटलं नाही. बँकेने खातेदारांना सांगितलं की तुमच्या खात्यातले पैसे सुरक्षित आहेत, आणि ते खरं होतं. नुकसान बँकेचं झालं.

हे झालं कसं, ते माझ्या भाषेत सांगतो. आपण एटीएममध्ये कार्ड घातलं की निरोप बँकेच्या 'स्विच'कडे जातो. स्विच खात्यात शिल्लक आहे का ते विचारतो आणि 'द्या' किंवा 'देऊ नका' असं कळवतो. चोरांनी घुसखोर सॉफ्टवेअरच्या मदतीने शेजारी दुसरा, खोटा स्विच उभा केला. निरोप खऱ्या खात्यापर्यंत पोचेचना. खोटा स्विच परस्पर सगळ्यांना 'द्या' म्हणत होता.

आमच्या खात्यात बिघाडाच्या दोन जाती आहेत. सिग्नल बिघडून लाल झाला तर गाड्या थांबतात, प्रवासी शिव्या देतात, वरून फोन येतात, पण जीव जात नाही. याला आम्ही राइट साइड फेल्युअर म्हणतो. लाल असायला हवा तिथे हिरवा दिसला, तर ते राँग साइड फेल्युअर. त्याच्या नुसत्या नावाने आम्हाला घाम फुटतो. सगळी सिग्नल यंत्रणा अशी बांधलेली असते की काहीही तुटलं, जळलं, वीज गेली, तरी सिग्नल लालच व्हावा. त्या शनिवारी जे झालं ते पैशांच्या दुनियेतलं राँग साइड फेल्युअर होतं.

आता चोर कोण? संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ साली आपल्या अहवालात हा हल्ला उत्तर कोरियाच्या खाती मांडला. त्याच वर्षीच्या पुढच्या अहवालात १७ देशांमधल्या किमान ३५ घटनांची यादी आली. त्यात भारतातल्या तीन होत्या, आणि एकूण चोरीचा अंदाज दोन अब्ज डॉलरपर्यंत होता. उत्तर कोरिया हे आरोप नाकारतो. पण आजवरची चोरी बहुधा राजाच्या तिजोरीतून होत असे. इथे राजाच चोरीला माणसं पाठवतो आहे, असं हे चित्र.

यावर जगाचं उत्तर काय? आपल्या गावाकडची जुनी रीत आठवा. एखाद्या घराने काही आगळीक केली की पंचायत बसायची आणि त्या घराला वाळीत टाकायचं. त्यांच्याकडे जायचं नाही, त्यांना दुकानातून मीठ द्यायचं नाही, लग्नाला बोलवायचं नाही. आर्थिक निर्बंध म्हणजे हेच, फक्त देशांच्या पातळीवरचं. अणुचाचणीनंतर २००६ साली सुरक्षा परिषदेने उत्तर कोरियाला वाळीत टाकायला सुरुवात केली आणि पुढे फास आवळत नेला. ऑगस्ट २०१७ मध्ये कोळसा, लोखंड आणि मासळीची निर्यात बंद झाली. सप्टेंबरमध्ये कापड बंद झालं. डिसेंबरमध्ये शुद्ध तेल वर्षाला पाच लाख पिंपांवर आणलं गेलं, आणि बाहेरदेशी मजुरी करणाऱ्या त्यांच्या माणसांना दोन वर्षांत घरी पाठवण्याचा ठराव झाला. भारतानेही एप्रिल २०१७ मध्ये अन्न आणि औषधं वगळता त्यांच्याशी व्यापार थांबवला.

एवढं झाल्यावर चोरी कमी व्हायला हवी होती. मी तारखा एका कागदावर खाली खाली लिहून काढल्या. तो कागद तुम्हाला वाचून दाखवतो.

नोव्हेंबर २०१४ मध्ये सोनी पिक्चर्स या चित्रपट कंपनीवर हल्ला झाला. अमेरिकेने जानेवारी २०१५ मध्ये उत्तर कोरियावर निर्बंध टाकले. त्यानंतर तेरा महिन्यांनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे ९५ कोटी डॉलर पळवण्याचा प्रयत्न झाला, आणि त्यातले ८ कोटी १० लाख फिलिपिन्समध्ये पोचून गायब झाले. श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटी वाचले ते एका संस्थेच्या नावात 'फाउंडेशन' हा शब्द चुकीचा लिहिल्यामुळे. शुद्धलेखनाचा एवढा मोठा फायदा आमच्या गुरुजींनीही कधी सांगितला नव्हता! २०१७ चे कडक निर्बंध आले, आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये पुणे. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेने लाझरस या हॅकर टोळीवर आणि तिच्या दोन उपटोळ्यांवर नाव घेऊन निर्बंध टाकले. त्यानंतर मार्च २०२२ मध्ये एका ऑनलाइन खेळाशी जोडलेल्या आभासी चलनाच्या यंत्रणेतून सुमारे ६२ कोटी डॉलर गेले. जुलै २०२४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या वझीरएक्स या आभासी चलनाच्या बाजारातून सुमारे साडेतेवीस कोटी डॉलर गेले. त्यात आपल्याकडच्या असंख्य सामान्य तरुणांची पुंजी अडकली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या बाजारातून एका झटक्यात सुमारे दीड अब्ज डॉलर. निर्बंध वाढत गेले आणि चोरीचे आकडेही वाढत गेले.

असं का व्हावं? मला चार कारणं दिसतात.

पहिलं कारण साधं आहे. वाळीत टाकण्याची भीती त्याला, ज्याला गावात दुकान चालवायचं आहे. ज्याचं दुकान आधीच बंद आहे, त्याला तुम्ही आणखी काय बंद करणार? लाझरस टोळीची अमेरिकेतली मालमत्ता गोठवली असं जाहीर झालं. त्या हॅकरांचा अमेरिकेत बंगला होता की बचत खातं होतं? यादीत नाव आलं याचा कागद त्यांनी कदाचित भिंतीवर लावला असेल.

दुसरं कारण म्हणजे इथे औषधच रोगाला पोसतं. कोळसा विकता येत नाही, मासळी विकता येत नाही, मजूर पाठवता येत नाहीत. मग बाहेरचा पैसा आणायचा कुठून? घरबसल्या संगणकावरून आणता येतो. त्याला बंदर लागत नाही, जहाज लागत नाही, कस्टम लागत नाही. हा माझा तर्क आहे, पण वरच्या तारखा पाहिल्या की तो वावगा वाटत नाही.

दरवाजे बंद केले की माणूस घरातच काहीतरी घडवायला शिकतो, हे आपल्या देशाला वेगळं सांगायला नको. आपल्याला हव्या त्या ताकदीचा महासंगणक द्यायला अमेरिका तयार नव्हती, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि डॉ. विजय भटकरांच्या चमूने १९९१ मध्ये 'परम' करून दाखवला. १९९२ मध्ये इस्रोवर निर्बंध आले आणि क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान अडलं. जानेवारी २०१४ मध्ये आपल्या इंजिनावर आपलं रॉकेट वर गेलं. पोखरणनंतर १९९८ मध्येही निर्बंध आले आणि २००१ मध्ये उठले. आपण विद्या वाढवली, त्यांनी चोरीची कला वाढवली. दोन्हींची बरोबरी मी करत नाही. पण बंद दाराच्या आत माणूस हात बांधून बसत नाही, एवढं दोन्हीकडे सारखं आहे.

तिसरं कारण गलाईवाल्या बंधूंना माझ्यापेक्षा चांगलं कळेल. विटा, खानापूर, आटपाडीकडून तुमचे आजे-पणजे दक्षिणेत आले ते मूस आणि भट्टी घेऊन. दागिना जोवर दागिना आहे, तोवर तो कुणाचा हे सांगता येतं. मुशीत गेला की टंच सांगता येतो, मालक सांगता येत नाही. आभासी चलनासाठी अशाच मुशी निघाल्या आहेत. हजार ठिकाणचे पैसे एकत्र घालून, ढवळून, दुसऱ्या टोकाला काढतात. अशाच एका मुशीवर, टोर्नाडो कॅश तिचं नाव, अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बंदी घातली. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांच्याच अपील न्यायालयाने म्हटलं की आपोआप चालणारी, कुणालाही बदलता न येणारी आज्ञावली ही कुणाची मालमत्ता नाही, मग गोठवणार काय? मार्च २०२५ मध्ये बंदी उठवावी लागली. तुमच्या धंद्यात पोलीस दारात आले तर निदान भट्टीचा मालक सापडतो. इथे भट्टी आहे, पण मालक नाही.

चौथं कारण म्हणजे चोर ओळखण्याचं. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, लोक रुळांवर उतरून चालत निघाले. रेल्वेवाल्याला ते दृश्य विसरता येत नाही. पुढच्या वर्षी एका अमेरिकन कंपनीचा अहवाल आला की चीनशी संबंधित हॅकर आपल्या वीज यंत्रणेत शिरले होते. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री म्हणाले, घातपाताची शक्यता दिसते. केंद्राचे ऊर्जामंत्री म्हणाले, मानवी चूक होती, हल्ल्याने वीज गेल्याचा पुरावा नाही. पंचायतीतच एकमत नाही, तर वाळीत कुणाला टाकणार? आणि समजा टाकायचं ठरवलं, तर शेजारी एवढा मोठा आहे की आपल्याच दुकानातला माल त्याच्याकडून येतो. २०२०-२१ मध्ये चीनमधून आपली आयात सुमारे ६५ अब्ज डॉलर होती. २०२३-२४ मध्ये ती १०१ अब्जांच्या पुढे गेली. जून २०२० मध्ये आपण त्यांच्या ५९ ॲपवर बंदी घातली ती या सगळ्यापुढे केवढीशी!

त्यात पंचायतही फुटते. उत्तर कोरियावरच्या निर्बंधांवर नजर ठेवणारी जी तज्ज्ञ समिती होती, जिच्यामुळे आपल्याला पुण्याच्या चोराचं नाव कळलं, तिची मुदत वाढवण्याचा ठराव मार्च २०२४ मध्ये रशियाने नकाराधिकार वापरून पाडला. एप्रिलअखेर समिती संपली. नंतर काही देशांनी मिळून दुसरी व्यवस्था उभी केली, पण तिच्यामागे सुरक्षा परिषदेचा शिक्का नाही.

मग निर्बंध अगदी निरुपयोगी का? तसं म्हणणं अन्यायाचं होईल. २०१५ मध्ये अमेरिकेने चिनी कंपन्यांवर निर्बंध टाकण्याची तयारी केली, आणि सप्टेंबरमध्ये चीनच्या अध्यक्षांनी तिथे जाऊन व्यापारी गुपितं चोरणार नाही असा करार केला. काही काळ चोरी कमी झाल्याचं जाणकारांनी नोंदवलं, नंतर ती पुन्हा वाढली. तिथे धमकीचा उपयोग झाला, कारण त्या कंपन्यांना अमेरिकेत माल विकायचा होता. निर्बंध दुकानदारावर लागू पडतात, फकिरावर नाही. आणि दरोडेखोरापेक्षा त्याचा माल पचवणारा मध्यस्थ जास्त घाबरतो, कारण त्याला त्याच बाजारात उद्या बसायचं असतं. पुण्याच्या या लुटीकडेच पाहा. भारतातल्या एका बँकेच्या एटीएममधून असे पैसे काढून ते जिरवायला मदत करणाऱ्या एका माणसाला अमेरिकेत २०२१ मध्ये अकरा वर्षांहून अधिक कैद झाली. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवलं, कमाल शिक्षा चार वर्षं. अमेरिकेने ज्या तीन उत्तर कोरियन हॅकरांवर आरोपपत्र ठेवलं, ते मात्र कुणाच्या हाती लागले नाहीत.

मंडळी, हे ११ जण कोण होते? कोल्हापूर, मुंबई, इंदूर अशा ठिकाणी एटीएमपुढे उभे राहून नोटा काढणारे आणि त्यांना कामाला लावणारे. हल्ल्याचा मेंदू प्याँगयांगमध्ये असेल, पण नोटा मोजणारी बोटं आपल्याकडची होती. त्या बोटांवाचून ती चोरी अर्धी राहिली असती.

हे बोलताना मला एक मुलगा आठवतो. ओळखीच्या घरातला, कॉलेजात शिकणारा. नाव सांगत नाही, तो या मांडवात बसलेलाही असेल. त्याला कुणीतरी फोनवर सांगितलं, "तुझं बँक खातं आणि कार्ड आम्हाला वापरायला दे, महिन्याला पाच हजार देऊ. तुला काहीच करायचं नाही." त्याने मला सहज विचारलं, "काका, यात काय वाईट आहे? माझे पैसे थोडेच जाणार?" मी क्षणभर गप्प झालो. मग त्याला रिले रूम दाखवायला नेली.

रिले रूम म्हणजे स्टेशनच्या सगळ्या सिग्नलांचा मेंदू. तिच्या दाराला दोन कुलपं असतात. एकाची चावी स्टेशन मास्तरकडे, दुसऱ्याची सिग्नल खात्याच्या माणसाकडे. एकटा मास्तर आत जाऊ शकत नाही, एकटा मीही जाऊ शकत नाही. जून २०२३ मध्ये ओडिशात बहानगा बाजारला जी भीषण दुर्घटना झाली, तिच्यानंतर देशभर ही कुलपं पुन्हा तपासली गेली. एकेरी मार्गावर पूर्वी टोकनचा लोखंडी गोळा असे, तोही दोन्हीकडच्या मास्तरांनी मिळून सोडल्याशिवाय यंत्रातून बाहेर पडत नसे. जुन्या लोकांनी माणसावर अविश्वास दाखवायला हे केलं नव्हतं. एका माणसाच्या चुकीने किंवा लोभाने गाडी जाऊ नये म्हणून केलं. मी त्या मुलाला म्हटलं, "तुझं खातं ही तुझ्याकडची चावी आहे. ती भाड्याने दिलीस की दुसरं कुलूप असूनही उपयोग नाही." त्याने नाही म्हणून कळवलं. पुढे असंच खातं दिलेल्या दुसऱ्या एका पोराच्या घरी परराज्यातले पोलीस आले, तेव्हा त्याची आई माझ्या दारात उभी होती. तिला काय सांगावं हे मला सुचलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. निर्बंध टाकणं हे मोठ्या सरकारांचं काम, ते त्यांनी करावं. पण चोराला वाळीत टाकलं म्हणून दाराचं कुलूप काढून ठेवायचं नसतं. जे पैसे, जी बुद्धी आणि जी राजकीय ताकद यादी करण्यात खर्च होते, तिच्यातला मोठा वाटा कुलपाकडे आणि चोरीचा माल घेणाऱ्याकडे वळायला हवा. कॉसमॉसच्या प्रकारानंतर दोन महिन्यांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचे नियम काढले, आणि २०१९ च्या अखेरीस बँकेच्या आवाक्याप्रमाणे चार पायऱ्या ठरवून दिल्या. माझ्या मते पुणेकरांच्या पुढच्या ठेवींना त्या परिपत्रकांचा आधार निर्बंधांच्या यादीपेक्षा जास्त आहे.

आपल्यापैकी कितीतरी जण गावाकडच्या पतसंस्थेचे, सहकारी बँकेचे सभासद आहेत. वार्षिक सभेला आपण लाभांश विचारतो, चहा पितो आणि घरी येतो. यंदा एक प्रश्न विचारा: आपल्या यंत्रणेत काही बिघडलं तर ती 'देऊ नका' म्हणते की 'द्या' म्हणते? रात्री, रविवारी, सणाच्या दिवशी तिच्याकडे कोण पाहतं? संचालक गोंधळले तर समजा प्रश्न बरोबर आहे. घरातल्या पोरांना सांगा, खातं, कार्ड, सिम कुणालाही द्यायचं नाही. आणि फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. पैसा मुशीत जाण्याआधी अडवता येतो, नंतर नाही.

आपल्या गणरायाच्या हातात पाश आणि अंकुश असतात. पाश दूरच्याला अडकवायला आणि अंकुश हातातल्याला आवरायला, असं माझी आजी सांगायची. दूरच्या चोरावर जगाने पाश टाकून पाहिला, तो निसटतो आहे. निदान आपल्या आवाक्यातला अंकुश तरी आपण नीट धरू या.

सिग्नलवाल्याने जास्त वेळ लाल धरू नये, प्रसाद थांबला आहे.

गणपती बाप्पा मोरया! जय महाराष्ट्र, जय कर्नाटक, जय हिंद.